फेरेटला मधमाशीचा डंख बसला तर

प्रश्न : माझ्या मुलीने पुण्यात शिकायला असताना एक फेरेट (लांबट अंगाचा, आखूड पायांचा छोटा मांसाहारी पाळीव प्राणी) पाळला आणि परीक्षांमुळे गेल्या वर्षी तो आमच्याकडे लातूरला आणून ठेवला. तो नर आहे, वय साडेतीन वर्षे, वजन अंदाजे सव्वा किलो. मे महिन्यात कूलरखाली सांडलेल्या पाण्यावर मधमाश्या बसल्या होत्या. त्यांच्यामागे धावताना त्याला नाकाजवळ आणि पुढच्या पंजावर डंख बसला. थोड्याच वेळात तोंड सुजले, लाळ गळू लागली, तो पंजाने तोंड खरवडू लागला आणि दोनदा उलटी झाली. शेजारच्या काकूंनी चुना लावला, तो मी पुसून काढला. यांनी नातवाच्या सर्दीचे औषध पाव चमचा पाजले. नंतर तो इतका गाढ झोपला की हलवूनही उठेना, आणि उठल्यावर मागचे पाय बराच वेळ लडखडत होते. फेरेट पाहणारे डॉक्टर पुण्यात आहेत, त्यांचा फोन लागला नाही. रात्रीपर्यंत सूज उतरली आणि तो जेवला. आता तो बरा आहे, पण पुन्हा असे झाले तर काय करावे? लोक म्हणतात, हा मुंगसाच्या जातीचा आहे, याला विष बाधत नाही. दिवाळीत त्याला औसा तालुक्यातल्या आमच्या शेतावर न्यायचे आहे. नेऊ का?
— एक भगिनी, लातूर

उत्तर : सप्रेम नमस्कार. तुमचा फेरेट त्या प्रसंगातून सुखरूप बाहेर पडला, हे वाचून मनापासून समाधान वाटले. घडलेल्या गोष्टी तुम्ही क्रमाने आणि काहीही न लपवता लिहिल्या आहेत, त्यामुळे उत्तरही नेमके देता येईल. सुजलेले तोंड पाहून घरातले सगळे घाबरले असणार, आणि ते स्वाभाविक आहे. परंतु पत्र वाचताना माझे लक्ष सुजेपेक्षा त्या दोन उलट्यांवर, सर्दीच्या औषधावर आणि लडखडणाऱ्या मागच्या पायांवर अधिक खिळले. या तिन्हींविषयी पुढे सविस्तर लिहितो. त्याआधी एक गोष्ट ठामपणे सांगतो, की पुन्हा असे घडले तर पुण्याच्या फोनची वाट न पाहता सर्वांत जवळच्या पशुवैद्यकाकडे निघावे.

मराठवाड्यात फेरेट पाळणारी घरे मोजकीच आहेत, आणि “इथले डॉक्टर गायी-म्हशींचे, त्यांना हा प्राणी काय कळणार” ही शंका अशा प्रत्येक घरात असते. डंखानंतरच्या गंभीर ॲलर्जीत मात्र ही शंका मनातून काढून टाकावी. या अवस्थेत लागणारी औषधे म्हणजे ॲड्रेनालिन, स्टेरॉइडचे आणि ॲलर्जीविरोधी औषधाचे इंजेक्शन, सलाइन आणि शक्य असल्यास प्राणवायू. बैलाला मोहोळातल्या माश्यांनी फोडले किंवा कुत्र्याला इंजेक्शनची ॲलर्जी झाली तरी हीच औषधे वापरली जातात, त्यामुळे ती गुरांच्या दवाखान्यातही ठेवलेली असतात. तेथील डॉक्टरांना अडचण येते ती मात्रेची, कारण रोज तीन-चारशे किलोंच्या जनावरांसाठी औषध भरणाऱ्या हातांना एक-सव्वा किलोच्या जिवासाठी तेच औषध सौम्य करून, अगदी थेंबांच्या हिशेबाने द्यावे लागते. ती अडचण तुम्ही आधीच सोडवून ठेवू शकता. फेरेटचे वजन दर महिन्याला स्वयंपाकघरातल्या वजनकाट्यावर ग्रॅममध्ये करावे आणि ते एका कागदावर लिहून त्याच्या पिंजऱ्याला बांधून ठेवावे. त्याच कागदावर त्याचे वय, नसबंदी झाली आहे की नाही, पूर्वी कोणती लस दिली आणि तिचा त्रास झाला होता का, सध्या काही औषध चालू आहे का आणि पुण्याच्या डॉक्टरांचा क्रमांक हेही असावे. आणखी एक ओळ आवर्जून लिहावी : फेरेटच्या शरीराचे तापमान एरवीही ३७.८ ते ४० अंश सेल्सियस, म्हणजे सुमारे १०० ते १०४ अंश फॅरनहाइट असते आणि हृदयाचे ठोके मिनिटाला दोनशेच्या पुढे असतात. ही माहिती हाताशी असली म्हणजे नेहमीचे तापमान ताप समजून उपचार होण्याची शक्यता राहत नाही.

जिल्ह्याच्या ठिकाणी असलेले जिल्हा पशुवैद्यकीय सर्वचिकित्सालय आणि तुमच्याच जिल्ह्यातील उदगीरचे पशुवैद्यकीय महाविद्यालय ही दोन ठिकाणे तुम्ही एखाद्या निवांत दिवशी फेरेटला सोबत घेऊन पाहून यावीत. परभणी आणि नांदेडकडच्या वाचकांना परभणीचे पशुवैद्यकीय महाविद्यालय जवळ पडेल. रविवारी आणि रात्री कोण भेटते, हेही तेव्हाच विचारून ठेवावे. पशुसंवर्धन विभागाच्या फिरत्या पथकांसाठी १९६२ हा क्रमांक आहे, परंतु ती सेवा मुख्यतः गोठ्यातील जनावरांसाठी उभारलेली आहे. सव्वा किलोचा प्राणी उचलून आपणच निघणे अधिक लवकर होते. पुण्याच्या डॉक्टरांशी बोलायचे असेल तर जवळच्या दवाखान्यात पोहोचल्यावर तेथील डॉक्टरांनाच फोनवर त्यांच्याशी बोलू द्यावे.

आता त्या उलट्यांविषयी. मधमाशीच्या विषात मेलिटिन आणि फॉस्फोलायपेज ही मुख्य द्रव्ये असतात. त्यांनी डंखाच्या जागी आग होते, लाली येते आणि सूज चढते. ही सूज डंखाच्या आसपास राहिली, प्राणी सावध असला आणि श्वास नीट चालू असला, तर बहुतेक वेळा एक-दोन दिवसांत ती आपोआप ओसरते. सगळ्या शरीराची ॲलर्जी ही वेगळी अवस्था आहे, आणि फेरेटमध्ये तिची चाहूल पुष्कळदा पोट आणि आतड्यांवरून लागते. फेरेटना लसीची जी तीव्र ॲलर्जी होते, तिच्यात उलटी, भरपूर लाळ, पातळ आणि कधी रक्तमिश्रित शी, नाक आणि कातडीची अचानक वाढलेली लाली आणि अंगावरचे ताठ उभे राहिलेले केस ही लक्षणे पशुवैद्यकांच्या परिचयाची आहेत. डंखाच्या ॲलर्जीतही त्यांच्याकडेच लक्ष ठेवावे. म्हणून नाकावर डंख बसला आणि पोटातून उलटी आली, एवढ्यावरूनच त्रास डंखाच्या जागेपुरता राहिलेला नाही असे धरून चालावे. तुमच्या फेरेटचे शरीर त्यातून स्वतःच सावरले. पुढच्या वेळी मात्र पहिली उलटी दिसताच घरातून निघावे, दुसरीची वाट पाहू नये.

अशी लक्षणे बहुधा पहिल्या अर्ध्या तासात दिसतात, तेवढा वेळ एका माणसाने दुसरे काहीही न करता त्याच्याजवळ बसावे. मानेमागची सैल कातडी धरून फेरेटला अलगद उचलले, की तो सैल पडतो आणि पुष्कळदा जांभई देतो. ती संधी साधून हिरड्या पाहाव्यात. निरोगी हिरड्या गुलाबी असतात. बोटाने दाबल्यावर पांढरी पडलेली जागा दोन सेकंदांच्या आत पुन्हा गुलाबी झाली पाहिजे. हिरड्या फिकट, राखाडी किंवा निळसर दिसल्या, श्वासाबरोबर शिट्टीसारखा आवाज येऊ लागला, प्राणी तोंड उघडून श्वास घेऊ लागला किंवा अंग थंड आणि ढिले पडले, तर घरी आणखी काही करत बसू नये. शेपटीचे केस ब्रशसारखे फुलणे हे एकटे लक्षण फसवे आहे, कारण फेरेट घाबरला किंवा खेळात रंगला तरी शेपटी फुलवतो. ते उलटी किंवा फिकट हिरड्यांच्या जोडीने दिसले तरच गंभीर मानावे. सर्व काही ओसरल्यासारखे वाटल्यानंतर काही तासांनी ॲलर्जी पुन्हा उसळी घेऊ शकते, म्हणून त्या रात्री त्याला एकट्याला ठेवू नये.

डंखाकडे मी आता वळतो आहे, कारण तो काढण्याचे काम काही सेकंदांचे असते आणि तेवढेच राहावे. मधमाशीचा काटा विषाच्या पिशवीसह कातडीत अडकून राहतो आणि माशी उडून गेल्यावरही ती पिशवी आकुंचन पावत विष आत ढकलत राहते. बहुतेक विष पहिल्या अर्ध्या मिनिटातच आत जाते. काटा चिमटीत धरू नये, खरवडूनच काढावा, असे पूर्वी सांगितले जात असे. परंतु १९९६ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका प्रयोगात कोणत्याही पद्धतीने काढला तरी फारसा फरक पडत नाही, उशीर झाला तर मात्र पडतो, असे दिसून आले. नखाने, कार्डाच्या कडेने किंवा चिमट्याने, जे हाताशी असेल त्याने तो काढावा. फेरेटची लव दाट असल्यामुळे काटा पटकन सापडत नाही, म्हणून आधी नाक, ओठ, कानांच्या कडा आणि पंजांचे तळवे पाहावेत. एक-दोन मिनिटे शोधूनही सापडला नाही तर शोध सोडून द्यावा. गांधीलमाशी काटा सोडून जात नाही आणि पुनःपुन्हा डंख मारू शकते, म्हणून ती चावली असेल तर फेरेटला त्या जागेवरून ताबडतोब दूर न्यावे. दुखावलेला फेरेट एरवी कितीही गरीब असला तरी चावू शकतो, तेव्हा त्याला टॉवेलात गुंडाळूनच हाताळावे, आणि हे काम लहान मुलांकडे देऊ नये.

सुजेवर बर्फ थेट लावू नये. पातळ सुती कापडात गुंडाळून तो पाच मिनिटे धरावा, मग तेवढीच विश्रांती द्यावी, आणि असे दोन-तीनदा करावे. एवढ्या लहान शरीरावर बर्फ फार वेळ धरला तर सगळे अंगच थंड पडू लागते. डंख तोंडाच्या आत, जिभेवर किंवा घशात बसला असेल, तर लक्षणे सौम्य दिसत असली तरी दवाखाना गाठावा, कारण तेथली थोडी सूजही श्वासाची वाट अडवू शकते.

चुना पुसून काढलात, हे फार चांगले केलेत. शेजारच्या काकूंचा हेतू चांगलाच होता. आपल्याकडे डंखावर चुना, कांद्याचा रस, तंबाखू, रॉकेल, खायचा सोडा, व्हिनेगर असे अनेक उपाय पिढ्यानपिढ्या चालत आले आहेत. विष मात्र कातडीच्या खाली गेलेले असते आणि वरून लावलेला आम्ल किंवा अल्क पदार्थ तेथपर्यंत पोहोचत नाही. माणूस लेप लावून स्वस्थ बसतो, फेरेट तो चाटून पोटात घेतो, आणि मग वेगळेच संकट उभे राहते. चुन्याने तोंड आणि अन्ननलिका भाजते, तंबाखूतले निकोटिन एवढ्या लहान शरीराला विषासारखे बाधते आणि कांदा-लसणाने मांजर-कुत्र्यांच्या तांबड्या रक्तपेशी फुटतात, म्हणून फेरेटलाही त्यापासून दूरच ठेवावे. खाज कमी करणारे गुलाबी कॅलामाइनसुद्धा लावू नये, कारण त्यात जस्ताचे संयुग असते आणि पोटात गेलेले जस्त फेरेटना विषारी ठरते. साध्या पाण्याने भिजवलेले कापड आणि वर सांगितलेला गार शेक, याहून अधिक काही बाहेरून लावण्याची गरज नसते.

सर्दीच्या औषधाविषयी मला थोडे कठोर लिहावे लागेल, आणि ते तुमच्या यजमानांना दोष देण्यासाठी नाही. मुलांच्या सर्दीच्या अनेक सिरपांत ॲलर्जीविरोधी क्लोरफेनिरामाइनबरोबर फेनिलेफ्रिन असते आणि पुष्कळांत पॅरासिटामॉलही असते. मांजराप्रमाणेच फेरेटचे यकृत पॅरासिटामॉलचा निचरा फार सावकाश करते. या औषधाच्या विषबाधेत मांजरांच्या हिरड्या तपकिरी किंवा निळसर होतात आणि चेहरा व पंजे सुजतात, म्हणजे माशीच्या डंखाने सुजावेत तेच भाग. त्यामुळे घरच्यांना विषबाधा ही डंखाचीच सूज वाटते आणि मोलाचे तास निघून जातात. अंगदुखीसाठी घरोघरी असणारे आयब्युप्रोफेन तर फेरेटसाठी त्याहूनही घातक आहे. त्याने पोटात व्रण पडतात, मूत्रपिंडे बिघडतात आणि प्राणी बेशुद्धीत जाऊ शकतो. त्या सिरपची बाटली घरात असेल तर तिच्यावरील घटक वाचून पाहा. इतक्या दिवसांनंतर तो खात-पीत, खेळत असेल तर तातडीचे काही नाही, तरी पॅरासिटामॉल असल्याचे आढळले तर पुढच्या भेटीत डॉक्टरांना सांगून यकृताची रक्ततपासणी एकदा करून घ्यावी. ॲलर्जीविरोधी एकेरी औषध तोंडावाटे देण्याची पद्धत फेरेटमध्येही आहे. त्याचे नाव आणि तुमच्या फेरेटच्या वजनानुसार त्याची मात्रा डॉक्टरांकडून आधीच लिहून घेऊन त्या कागदावर ठेवता येईल. परंतु ते सौम्य सुजेपुरते असते, उलटी सुरू झाल्यावर त्याच्यावर विसंबून घरी थांबू नये.

गाढ झोपेबद्दल तुम्ही लिहिले आहे. फेरेट दिवसाचे चौदा ते अठरा तास झोपतो आणि काही वेळा त्याची झोप इतकी जड असते की उचलले तरी तो चिंधीसारखा लोंबतो. ज्यांनी हे पाहिलेले नाही त्यांचा जीवच दडपून जातो. शिवाय सर्दीच्या औषधातील क्लोरफेनिरामाइनने गुंगी येते. झोप आहे की शुद्ध हरपली आहे, हे ओळखण्यासाठी अंग कोमट आहे का, हिरड्या गुलाबी आहेत का आणि श्वास एकसारखा चालला आहे का ते पाहावे, मग त्याच्या आवडीचे खाणे नाकाजवळ धरावे. झोपलेला फेरेट थोड्या वेळात नाक हलवतो आणि मिनिटभरात जागा होतो. तसा झाला नाही, तर डंखानंतरच्या त्या दिवशी ती झोप समजू नये.

मागच्या पायांची लडखड मात्र मला डंखाच्या पलीकडची वाटते, आणि माझी तुम्हाला खरी विनंती याच बाबतीत आहे. तीन वर्षांच्या पुढच्या फेरेटमध्ये स्वादुपिंडातील इन्सुलिन तयार करणाऱ्या पेशींची गाठ, म्हणजे इन्सुलिनोमा, हा वारंवार आढळणारा आजार आहे. त्यात रक्तातील साखर मधूनमधून फार खाली जाते, आणि तेव्हा प्राणी लाळ गाळतो, पंजाने तोंड खरवडतो, एकटक पाहत राहतो आणि त्याचे मागचे पाय दुबळे पडतात. तुमच्या पत्रातील लाळ आणि तोंड खरवडणे नाकाजवळच्या डंखाने सहज समजावून सांगता येते. उलट्या झाल्यावर बराच वेळ पोट रिकामे राहिल्याने एखाद्या निरोगी फेरेटलाही अशक्तपणा येऊ शकतो, कारण त्याने खाल्लेले अन्न तीन-चार तासांत पोटातून आणि आतड्यांतून बाहेर पडते. तरीही त्याचे वय साडेतीन आहे, म्हणून रक्तशर्करेची तपासणी करून घ्यावीच. तपासणीपूर्वीचा तीन-चार तासांचा उपवास डॉक्टरांच्या सल्ल्यानेच ठेवावा. साखर दर डेसिलिटरला ६० मिलिग्रॅमपेक्षा कमी आली तर या आजाराचा संशय बळावतो. घरात आजी-आजोबांचे ग्लुकोमीटर असेल तर त्यावर निदान करू नये, कारण माणसांसाठीची ही यंत्रे फेरेटची साखर प्रत्यक्षापेक्षा कमी दाखवतात; प्रयोगशाळेतूनच तपासावी. असा अशक्तपणा पुन्हा आला आणि त्याला गिळता येत असेल, तर बोटावर थोडा मध किंवा साखरेचे पाणी घेऊन ते हिरड्यांना चोळावे आणि लगेच मांसाहारी खाणे द्यावे. शुद्ध नसताना तोंडात काहीही ओतू नये.

डंखाच्या दिवशी उलट्या थांबून तासभर गेल्यावर खाणे सुरू करावे. त्याचे नेहमीचे दाणे कोमट पाण्यात मऊ भिजवून, किंवा मीठ-मसाला-कांदा-लसूण न घातलेल्या कोंबडीच्या रश्श्यात कालवून, थोडेथोडे द्यावे. दूध आणि दहीभात देऊ नये.

मुंगसाबद्दलचा समज दूर करणे आवश्यक आहे. फेरेटचे लांबट अंग, आखूड पाय आणि टोकदार तोंड पाहून आपल्याकडे कोणालाही मुंगूस आठवते, परंतु मुंगूस वेगळ्या कुळातले आणि फेरेट पाणमांजराच्या कुळातला आहे. मुंगसाला काही सापांच्या मज्जाविषाचा प्रतिकार करता येतो, हे खरे आहे. त्यावरून फेरेटला माशीचे विष बाधत नाही, असे म्हणण्याला कोणताही आधार नाही. उलट त्याच्या आकाराचा विचार केला की धोका लगेच लक्षात येतो. ॲलर्जी नसलेल्या सस्तन प्राण्यातही शरीराच्या दर किलोमागे वीसच्या आसपास डंख जीवघेणे ठरू शकतात, असा ढोबळ अंदाज धरला जातो. साठ किलोंच्या माणसाला तो हिशेब बाराशेपर्यंत नेतो, तुमच्या फेरेटला पंचवीसपर्यंत. दहा-बारा डंख बसले तर तो चांगला दिसत असला तरी त्याला दवाखान्यात न्यावे आणि पुढचे तीन दिवस त्याची लघवी पाहावी. ती लालसर किंवा तपकिरी झाली तर रक्तपेशी किंवा स्नायू फुटत आहेत आणि मूत्रपिंडावर भार येतो आहे, असे समजावे.

तुमच्याकडे हे मे महिन्यात घडले, म्हणून उन्हाचा विचार सोडून चालणार नाही. फेरेटला घामावाटे अंग थंड करता येत नाही. सत्तावीस-अठ्ठावीस अंशांच्या पुढे त्याला त्रास होऊ लागतो आणि बत्तीसच्या पुढे उष्माघाताची भीती असते. लातूरला मे महिन्यात चाळिशी ओलांडली जाते. डंखाने धापा टाकणारा फेरेट बंद गाडीत किंवा दुचाकीच्या डिकीवर बांधलेल्या पिंजऱ्यात दुपारी नेला, तर वाटेत ऊनच त्याचा जीव घेऊ शकते. पिंजऱ्याच्या तळाशी गार पाण्याची बाटली टॉवेलात गुंडाळून ठेवावी, वरून ओले सुती कापड अर्ध्या भागावर टाकावे आणि हवा खेळती ठेवावी.

कूलरखालची जागा तर आजच बदलावी. उन्हाळ्यात रानातले पाणवठे आटले की मधमाश्या मोहोळ गार ठेवण्यासाठी पाणी शोधत वस्तीत येतात आणि कूलरची ओली जाळी, टपकणारा नळ, रांजणाखालची ओल यांवर गर्दी करतात. कूलरचे गळणे बंद करावे, त्याच्या तीन बाजूंना बारीक जाळी लावावी आणि फेरेटची मोकळे फिरण्याची वेळ भल्या पहाटे किंवा दिवेलागणीनंतर ठेवावी, कारण तेव्हा माश्या पाण्यावर नसतात. अंगणाच्या दूरच्या कोपऱ्यात, सावलीत, गोटे घातलेले पसरट भांडे पाण्याने भरून ठेवले तर बहुतेक माश्या तिकडे वळतात. त्यांना मारण्यासाठी फवारा मारू नये. तो फेरेटच्या अंगावर आणि पंजांवर बसतो, आणि चिरडलेल्या मधमाशीच्या काट्यातून सुटणारा गंध इतर माश्यांना डंखासाठी चिथावतो. हंगाम संपल्यावर बंद पडून राहिलेल्या कूलरमध्ये गांधीलमाश्या पोळे करतात. पुढच्या उन्हाळ्यात गवताच्या ताट्या बदलण्यापूर्वी ते पाहून घ्यावे, आणि त्या वेळी फेरेट दुसऱ्या खोलीत असावा.

शेतावर नेण्याबद्दल माझे मत असे आहे, की नेऊ शकता, परंतु घराच्या ओसरीपुरते आणि पट्टा बांधूनच. फेरेटचा स्वभाव बिळात, फटीत, दगडाखाली तोंड घालण्याचा आहे, आणि आपल्या शिवारात बांधाचे दगड, कडब्याची गंजी, शेणी रचलेली जागा हे विंचवाचे घर असते. लाल विंचवाचा डंख मधमाशीच्या डंखासारखा नसतो. त्याने हृदयावर ताण येतो आणि फुप्फुसांत पाणी साचते. जालना जिल्ह्यात जन्मलेले आणि २०२२ मध्ये पद्मश्रीने गौरवलेले डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी १९८० च्या दशकात महाड परिसरात रुग्णांवर प्राझोसिन वापरून विंचूदंशाने होणारे मृत्यू मोठ्या प्रमाणात रोखले, हे आपल्याकडे पुष्कळांना ठाऊक आहे, आणि त्यामुळेच कोणीतरी ती गोळी फेरेटला देण्याचे सुचवील. ती रक्तदाब झपाट्याने उतरवते. पशुवैद्यकाने मोजून दिल्याशिवाय ती कदापि देऊ नये. विंचवाचा नुसता संशय आला तरी गाडी काढावी.

उसाच्या फडाजवळही त्याला जाऊ देऊ नका. सप्टेंबर २०२२ मध्ये मराठवाड्यात ज्या घोणस अळीमुळे शेतकरी धास्तावले होते, तिचे काटे लागले तर आग आणि सूज माशीच्या डंखासारखीच होते. माणसाच्या कातडीतून ते काटे चिकटपट्टीने ओढून काढतात, परंतु फेरेटच्या लवेवर पट्टी नुसती केसांना चिकटते, म्हणून तेथे पाण्याची धार सोडून भाग धुवावा आणि त्याला चाटू देऊ नये. झाडावर किंवा विहिरीच्या कपारीत आग्या मोहोळ असेल तर त्या शेताकडे तर वळूच नये. माश्या उठल्याच तर फेरेटला जाड कापडात पूर्ण गुंडाळून, हात न हलवता, जवळच्या घरात किंवा गाडीत शिरून दारे लावून घ्यावीत.

शेवटी लसीविषयी. फेरेटला रेबीजची आणि कुत्र्यांच्या डिस्टेंपर या विषाणूजन्य आजाराची लस आवश्यक असते. डिस्टेंपर त्याला झाला तर तो जवळजवळ नेहमीच जीवघेणा ठरतो आणि गल्लीतल्या कुत्र्यांमधून तो घरापर्यंत येऊ शकतो, म्हणून डंखाची धास्ती घेऊन लस टाळू नका. पुढच्या लसीच्या वेळी मात्र मे महिन्यातील दोन उलट्यांची हकिकत डॉक्टरांना आधी सांगा. कोणती लस द्यावी, दोन्ही एकाच दिवशी न देता काही आठवड्यांचे अंतर ठेवावे का, हे ते ठरवतील. लस दिल्यावर किमान अर्धा तास दवाखान्यातच थांबा, आणि त्या दिवशीची वेळ सकाळची घ्या, म्हणजे घरी परतल्यावर काही झालेच तर डॉक्टर जागेवर असतील.